कौशल्य कुणाचे, जबाबदारी कुणाची?

यंदाच्या स्मरणिकेसाठी पर्यावरणावर काहीतरी लिहून द्या, असा फोन आला तेव्हा मी आधी नाहीच म्हणालो. मी काही लेखक नव्हे. तीसेक वर्षे शारजा आणि दुबईत एअर कंडिशनिंगच्या देखभालीचे काम केले. आयुष्यातले सगळे लिखाण जॉबकार्ड आणि कोटेशन यांतच झाले. पण त्याच आठवड्यात घरात एक प्रश्न निघाला आणि त्याचे उत्तर मला चटकन देता आले नाही. त्या उत्तराच्या शोधात जे सुचले ते इथे मांडतो. वाचकांनी सांभाळून घ्यावे.

प्रश्न विचारला आमच्या मुलीने. ती शारजातच वाढली, इथेच शिकली, आणि आता अबू धाबीत एका कंपनीच्या ‘सस्टेनेबिलिटी’ विभागात आहे. मराठीत त्याला शाश्वतता म्हणतात. आम्ही घरी गमतीने ‘टिकाऊपणा खाते’ म्हणतो. संयुक्त अरब अमिरातीने २०२४ साली हवामानबदलासंबंधी संघीय कायदा क्रमांक ११ केला. तो ३० मे २०२५ पासून लागू झाला आणि कंपन्यांना, अगदी फ्री झोनमधल्यांनासुद्धा, आपण हवेत काय आणि किती सोडतो ते मोजून नोंदवणे बंधनकारक झाले. तेव्हापासून या खात्याला उसंत नाही. वीज किती वापरली ते बिलावर दिसते, डिझेल किती जाळले तेही पावत्यांवरून कळते. पण इमारतींच्या एसींमधून गॅस किती गेला हे कुठल्याच बिलावर नसते. ते असते मेकॅनिकने भरलेल्या जॉबकार्डावर: जुना गॅस काढून घेतला इतके किलो, नवा भरला इतके किलो.

शनिवारी सकाळी चहाच्या वेळी लॅपटॉप उघडून ती म्हणाली, “बाबा, तुम्ही इतकी वर्षे याच कामात होतात. हे ‘काढून घेतला’च्या रकान्यातले आकडे खरे असतात का?”

मी “बघावे लागेल” असे काहीतरी पुटपुटलो. हिने स्वयंपाकघरातून माझ्याकडे पाहिले. हिला माहीत होते.

वाचकांपैकी बहुतेकांचा या गॅसशी संबंध एवढाच, की उन्हाळ्याच्या तोंडावर मेकॅनिक येतो, “गॅस कम है” म्हणतो आणि पैसे घेऊन जातो. म्हणून थोडी माहिती देतो. माझ्या उमेदीच्या काळात सगळीकडे आर-२२ नावाचा गॅस असे. तो ओझोनच्या थराला मारक आहे, म्हणून मॉन्ट्रियल कराराच्या व्यवस्थेखाली तो टप्प्याटप्प्याने बंद होत आहे. पण त्याचा दुसरा गुण अधिक वाईट. शंभर वर्षांच्या हिशेबाने एक किलो आर-२२ पृथ्वी तापवण्यात सुमारे १,८०० किलो कार्बन डायऑक्साइडच्या बरोबरीचा आहे. त्याच्या जागी आलेला आर-४१०ए ओझोनला धक्का लावत नाही, मात्र तापवण्याच्या बाबतीत तो सुमारे दोन हजार पट. बाजारात मिळणारा आर-२२ चा छोटा सिलिंडर १३.६ किलोचा. तेवढा गॅस हवेत सोडला तर चोवीस टनांहून अधिक कार्बन डायऑक्साइड सोडल्यासारखे झाले. एक लिटर पेट्रोल जळले की साधारण २.३ किलो निघतो. लिटरला दहा किलोमीटर देणाऱ्या गाडीने एक लाख किलोमीटर प्रवास करावा, म्हणजे दुबईहून अबू धाबीला साडेतीनशेहून अधिक वेळा जाऊन यावे, तेवढे हे पाप. आणि ते करायला दहा मिनिटे पुरतात. एक व्हॉल्व्ह उघडायचा, बस्स.

ही दहा मिनिटे मी पाहिलेली आहेत. ऑगस्ट २००३. उन्हाळ्यात दुपारी उघड्यावर काम बंद ठेवण्याचा नियम २००५ पासूनचा, म्हणजे ही गोष्ट त्याआधीची. शारजातल्या एका इमारतीच्या गच्चीवर पॅकेज युनिटचा कंप्रेसर जळला होता. पारा पन्नासच्या आसपास. खालच्या मजल्यावर दवाखाना. तिथले मॅनेजर दर दहा मिनिटांनी फोन करत होते, आणि त्यांचेही बरोबर होते, आत आजारी माणसे बसली होती. कंप्रेसर बदलायचा तर आधी यंत्रातला गॅस काढावा लागतो. नियम असा की रिकव्हरी मशीन लावून तो सिलिंडरमध्ये भरून घ्यायचा. मशीन कंपनीकडे एकच, आणि ते त्या वेळी दुसऱ्या गाडीबरोबर अजमानला गेलेले. बरोबरचा मेकॅनिक बावीस-तेवीस वर्षांचा, नुकताच आलेला, एजंटचे पैसे अजून फेडत असलेला. त्याने नळीला हात लावून माझ्याकडे पाहिले. “सर, छोड दूँ?”

मी म्हणालो, “छोड दो.”

पन्नास डिग्रीच्या उन्हात त्या तांब्याच्या नळीवर पांढरे दव गोठले, ते अजून डोळ्यांसमोर आहे. संध्याकाळपर्यंत दवाखाना थंड झाला. मी जॉबकार्डावर ‘गॅस काढून घेतला, १३ किलो’ असे लिहिले आणि खाली सही केली. पुढच्या आठवड्यात ग्राहकाचे आभाराचे पत्र आले. ते ऑफिसात फलकावर लागले. त्याच्याच शेजारी आमचे आयएसओ १४००१ चे, म्हणजे पर्यावरण व्यवस्थापनाचे, प्रमाणपत्र होते.

आमच्याकडे एक फोरमन होते, सगळे त्यांना मामा म्हणत. कोरेगाव तालुक्यातले, साताऱ्याच्या आयटीआयमधून निघालेले, आखातात येण्यापूर्वी शीतगृहात काम केलेले. त्यांनी संध्याकाळी स्टोअरमध्ये रिकामा रिकव्हरी सिलिंडर पाहिला, माझे जॉबकार्ड पाहिले आणि एवढेच म्हणाले, “गेला तो गेला साहेब. पण काढून घेतला असं लिहिलं कशाला?”

मला वाटले, खोटे बोलू नये असा साधा उपदेश आहे. मी चिडून काहीतरी उत्तर दिले. ते शांतपणे म्हणाले, “दुसरं मशीन मागायचं आता कुठल्या तोंडानं? कागदावर तर सगळं एकाच मशीनमध्ये होतंय.”

एवढ्या वर्षांत पर्यावरणावर मी पुष्कळ ऐकले, सेमिनारही केले. पण कंपनी कशी बिघडते आणि कशी सुधारते हे या एका वाक्याइतके कुणी समजावून सांगितले नाही. मी गॅस सोडला त्याने हवेचे नुकसान झाले ते झालेच. पण मी जे लिहिले त्याने कंपनीला आंधळे केले. आमच्या सगळ्या कामगारांच्या हातात जे कौशल्य होते ते वापरायला मशीन लागत होते, वेळ लागत होता, आणि दोन्ही कमी आहेत हे वर कळण्याचा एकच रस्ता होता, तो रकाना. तो मी बंद केला.

मामांच्या कौशल्याबद्दल सांगायला बसलो तर स्मरणिका पुरणार नाही. कुठल्या सांध्यातून गळती आहे ते ते तेलाच्या डागावरून सांगत. गॅस गळाला की बरोबर थोडे तेल येते, त्यावर वाळवंटातली धूळ बसते आणि काळा ठिपका तयार होतो. आम्ही तो पुसून टाकायचो, मामा आधी वाचायचे. हॅलाइड टॉर्चची ज्योत हिरवी झाली की आर-२२ गळतोय हे सगळ्यांना ठाऊक असते. पण नव्या गॅसने ती हिरवी होत नाही, तिथे मामा साबणाचे पाणी आणि कान वापरत. भर उन्हात गॅस काढून घेणे फार सावकाश होते, कारण सिलिंडर तापून आतला दाब वाढतो. मामा सिलिंडर बर्फाच्या बादलीत ठेवत. बर्फ कोपऱ्यावरच्या बकाल्यातून, स्वतःच्या पैशाने.

आयएसओचा ऑडिटर आला की मात्र मामांना कुणी काही विचारत नसे. ऑडिटर मेकॅनिकांना कंपनीचे पर्यावरण धोरण विचारी, आणि पोरांनी ते इंग्रजीत पाठ केलेले असे. बर्फाच्या बादलीला कुठल्याच फॉर्मवर रकाना नव्हता. आणखी एक गोष्ट सांगायला संकोच वाटतो. गॅस भरण्याचे पैसे ग्राहकाला वेगळे लागत. मामांच्या इमारतींत गळती कमी, म्हणून दर उन्हाळ्यातले बिलही कमी. ज्याची इमारत गळे त्याची वसुली चांगली दिसे. असा करार असेल तर जगातले सर्वोत्तम प्रशिक्षण देऊनही काय होणार? कामगार शिकेल, पण कंपनी शिकणार नाही.

मोठ्या कारखान्यांतही गोष्ट फार वेगळी नाही. आपल्या जेबेल अलीचा ॲल्युमिनियमचा कारखाना १९७९ पासून चालू आहे, पूर्वीचे दुबाल, आताचे एमिरेट्स ग्लोबल ॲल्युमिनियम. २०२१ मध्ये सौर विजेवर ॲल्युमिनियम बनवणारी जगातली पहिली कंपनी म्हणून तिचे नाव झाले आणि तो माल बीएमडब्ल्यूकडे गेला. कौतुकाचीच गोष्ट आहे, आणि बातमी म्हटले की डोळ्यांसमोर येतात ती सौर पॅनेल. पण या धंद्यात कुठेही गेलात तरी एक जुना शत्रू पॉटमध्ये, म्हणजे वितळलेल्या क्षारांच्या त्या प्रचंड कढईत बसलेला असतो. त्यात ॲल्युमिना कमी पडला की ‘ॲनोड इफेक्ट’ होतो, व्होल्टेज एकदम चढते आणि कार्बन टेट्राफ्लोराइड नावाचा वायू निघतो. तो कार्बन डायऑक्साइडच्या सहा-सात हजार पट तापवतो आणि वातावरणात सुमारे पन्नास हजार वर्षे राहतो. जगभरच्या जुन्या कारखान्यांत हा इफेक्ट मोडायला कामगार ओल्या लाकडाचा बांबू पॉटमध्ये खुपसत. आता ॲल्युमिनाची मात्रा संगणक ठरवतो. तरी ॲनोड नीट बसवणे, वरचे आवरण राखणे, आवाजावरून पॉटची तब्येत ओळखणे हे पॉटरूमच्या माणसाकडेच राहते. पॅनेल विकत घेता येतात. हे विकत मिळत नाही.

आणि कौशल्य असलेल्या माणसाचे ऐकले नाही तर काय होते, हे आपल्या पिढीला भोपाळने दाखवले. १९८४ च्या डिसेंबरात, २ आणि ३ तारखेच्या मधल्या रात्री ते घडले तेव्हा मी कराडला इंजिनिअरिंग शिकत होतो. पुढे या धंद्यात आल्यावर मी त्याबद्दल वाचले आणि एका तपशिलापाशी थांबलो. विषारी द्रवाची टाकी थंड ठेवणारे रेफ्रिजरेशन युनिट कित्येक महिने बंद होते आणि त्यातला गॅस कारखान्यात दुसरीकडे वापरायला काढून घेतला होता. कामगारांची संख्या आणि प्रशिक्षणाचे दिवस दोन्ही कमी केलेले. मी एसीवाला माणूस, मला बाकीचे रसायनशास्त्र नीट कळत नाही. पण बंद पडलेले कूलिंग युनिट रोज कुणीतरी पाहत होते, हे मला कळते.

उलट बाजूही आहे. फोक्सवॅगनच्या इंजिनिअरांना प्रदूषण कसे मोजतात याचे उत्तम ज्ञान होते, म्हणून तर परीक्षेच्या वेळी गाडी ओळखून धूर कमी दाखवणारी युक्ती त्यांना जमली. २०१५ च्या सप्टेंबरात ते उघड झाले. ती चोरी पकडायला कारण ठरले अमेरिकेतल्या वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठातले संशोधक, ज्यांनी गाडीच्या मागे यंत्र बांधून ती रस्त्यावर पळवून पाहिली. त्यांत अरविंद तिरुवेंगडम आणि हेमंत कप्पण्णा हे दोन भारतीय होते. कप्पण्णांची नोकरी पुढे, २०१९ मध्ये, एका दुसऱ्या मोठ्या वाहन कंपनीच्या नोकरकपातीत गेली आणि ते भारतात परतले. त्या कपातीचा या प्रकरणाशी संबंध होता असे मी म्हणत नाही. पण नोकरी गेली की देश सोडावा लागतो, हे इथल्या कुणालाही समजावून सांगायला नको.

लोकमान्यांनी मंडालेच्या तुरुंगात लिहिलेले ‘गीतारहस्य’ १९१५ साली प्रसिद्ध झाले. त्यात ‘योग’ शब्दाचा अर्थ त्यांनी कर्म करण्याची कुशलता, युक्ती असा लावला आहे. निवृत्तीच्या समारंभात आम्ही हे कौशल्य फार सोयीने वापरतो, जणू काम सफाईदार झाले की योग साधला. मग फोक्सवॅगनचे इंजिनिअरही योगी ठरतील. टिळकांना अभिप्रेत आहे ती सम बुद्धी, फळाच्या ओढीने न ढळणारी. माझे फळ त्या दुपारी अगदी छोटे होते. चार तासांत तक्रार बंद झाली पाहिजे, एवढेच.

तर जबाबदारी कुणाची? त्या पोराची मुळीच नाही, असे मी ठामपणे म्हणतो. त्याने विचारले होते. त्याचा पासपोर्ट, व्हिसा, गावाकडचे कर्ज सगळे माझ्या एका होकारावर टांगलेले. कंपनीची? हो, तिने दुसरे मशीन घ्यायला हवे होते. पण मागितले कुणी होते? ग्राहकाची, जो चार तासांत थंडावा मागतो? काही अंशी. आपल्या सर्वांचीही, उत्सवाच्या हॉलमध्ये एसी वीसवर लावून वर शाल पांघरून बसणारे आपणच. पण अशी वाटत वाटत गेलो की जबाबदारी कुणाच्याच पदरात चिमूटभरही उरत नाही. मला वाटते, ज्याला कळते आणि ज्याला नाही म्हणणे परवडते, त्याच्याकडे ती आधी येते. त्या गच्चीवर दोन्ही गोष्टी एकाच माणसाकडे होत्या. मला फार तर चार बोलणी बसली असती.

माझे एक मित्र म्हणतात, “अरे, दुबई विमानतळावरून रोज किती विमाने उडतात, त्यात तुझे तेरा किलो काय घेऊन बसलास?” हिशेबाने ते बरोबर आहेत. पण विमाने माझ्या सहीने उडत नाहीत.

मुलीला खरे सांगायला मला तीन दिवस लागले. मंगळवारी रात्री तिला फोन करून गच्चीची गोष्ट सांगितली. ती जरा थांबून म्हणाली, “बाबा, असं एकदाच झालं?” मी म्हणालो, “लक्षात राहिलेलं एक.” त्यावर ती काही बोलली नाही. मग कामाचे विचारू लागली: खोटा आकडा ओळखायचा कसा? मला सांगता येईना, म्हणून मी कोरेगावला मामांना फोन लावला. आता सत्तरी ओलांडली आहे, ऊस बघतात, ऐकू कमी येते. तो कान गेला याचे मला फार वाईट वाटले. दोनदा मोठ्याने प्रश्न सांगितल्यावर हसले. म्हणाले, “ताईला सांगा, किलो विचारू नका. किलो काय, कुणीबी लिहितंय. येळ विचारा. किती वाजता मशीन लावलं, किती वाजता काढलं. आन् शिलेंडर आधी किती वजनाचा, नंतर किती. उन्हाळ्यात तेरा किलो पंधरा मिनिटात निघाला म्हणला, तर समजायचं हवेत गेला.”

मुलीने ते तसेच लिहून घेतले. पुढच्या महिन्यापासून त्यांच्या कंत्राटदारांच्या जॉबकार्डात चार नवे रकाने आले: मशीन लावल्याची वेळ, काढल्याची वेळ, सिलिंडरचे आधीचे वजन, नंतरचे वजन. पंधरा दिवसांत एका कंत्राटदाराने जादा मशीनसाठी दरवाढ मागितली, आणि तिच्या वरिष्ठांनी बऱ्याच कुरकुरीनंतर ती मंजूर केली. पहिल्या महिन्यात किती कार्डे संशयास्पद निघाली तेही तिने मला सांगितले. तो आकडा त्यांच्या कंपनीचा आहे, इथे छापणे बरे नव्हे. बर्फाच्या बादलीचे मात्र तिला पटलेले नाही. सुरक्षा विभाग परवानगी देणार नाही म्हणते. मामांना हे अजून सांगायचे आहे.